दोघांचे जेवण आणि बिलाचे रकाने

रात्रीचे जेवण एखाद्या चांगल्या हॉटेलात घ्यायचे, तर ठाणे किंवा थेट दादर गाठायचे, असा बदलापूरकरांचा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. आता वातानुकूलित दालन, मंद प्रकाश, कापडी रुमाल आणि जाड पुठ्ठ्याचे मेनूकार्ड यांसाठी गाव सोडण्याची गरज उरलेली नाही. लग्नाचा वाढदिवस, पगारवाढ किंवा नुसताच शनिवार हे निमित्त साधून नवरा-बायकोने जवळच्याच महागड्या रेस्तराँमध्ये जेवायला जाणे, ही कल्याणपलीकडच्या उपनगरांतील नेहमीची गोष्ट झाली आहे.

मात्र हॉटेल बदलले तसे बिलही बदलले. पूर्वीच्या चिठ्ठीवर पदार्थांची नावे आणि खाली बेरीज एवढाच मजकूर असे. आजच्या बिलावर सेवाशुल्क, केंद्राचा कर, राज्याचा कर, मद्यावरील कर असे अनेक रकाने असतात. त्यांतील कोणता रकाना कायद्याने आला आहे, कोणता रिवाजाने आणि कोणता निव्वळ ग्राहकाच्या मर्जीवर आहे, याची विचारपूस जोडीदारासमोर करणे अनेकांना कमीपणाचे वाटते. या संकोचापोटी न देण्याजोगी रक्कमही मुकाट्याने दिली जाते. म्हणूनच या जेवणाचा इतिहास, त्याची रीत आणि त्याचा हिशेब समजून घेणे उपयुक्त ठरते.

गाव वाढले, पंगत बदलली

कल्याणहून पळसदरीपर्यंतची रेल्वे १८५६ मध्ये सुरू झाली आणि उल्हास नदीकाठचा हा पट्टा मुंबईशी जोडला गेला. तरीही बदलापूर दीर्घकाळ भातशेतीचे, जांभळांचे आणि निवांत वस्तीचे गाव राहिले. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर शहराची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. मुंबई, ठाणे, डोंबिवली येथील घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्याने तरुण कुटुंबे येथे आली. या कुटुंबांत दोघेही नोकरी करणारे असणे सर्रास आढळते. मुंबईपर्यंतचा लोकलचा प्रवास एका बाजूने दीड तासाच्या आसपास होतो. त्यामुळे कामाच्या दिवसांत दोघांची निवांत भेट होते ती रात्री उशिरा, तीही स्वयंपाकघरातच.

घराजवळच्या रेस्तराँला महत्त्व आले ते या कारणाने. दादरला जाऊन जेवण्यात जेवढा वेळ जेवणाला, त्याहून अधिक वेळ जाण्या-येण्यात खर्च होई आणि शेवटच्या गाडीची टांगती तलवार डोक्यावर असे. गावातच जेवण घेतल्यास तो वेळ दोघांच्या पदरी पडतो. महागड्या हॉटेलचे दर योग्य की अयोग्य याचा विचार करताना हा वाचलेला वेळ आणि प्रवासखर्च हिशेबात धरावाच लागतो.

शेजारच्या दोन शहरांची चव वेगळी आहे. उल्हासनगर हे मूळचे कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांची वसाहत येथील लष्करी बराकींमध्ये झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. दाल-पकवान, साई भाजी, कोकी आणि सिंधी कढी ही या शहराची ओळख. अंबरनाथ हे अकराव्या शतकातील शिलाहारकालीन शिवमंदिराचे आणि पुढे कारखान्यांचे गाव; येथे कामगारवस्तीच्या गरजेची साधी खाद्यसंस्कृती रुजली. बदलापूरच्या परिसरात आगरी-कोळी पद्धतीचे मटण, सुकी मासळी आणि तांदळाची भाकरी हे मूळचे जेवण. नव्या रेस्तराँच्या मेनूकार्डावर मात्र या तिन्हींपेक्षा पंजाबी, चिनी आणि इटालियन पदार्थांचीच गर्दी अधिक दिसते.

खानावळीपासून फॅमिली रूमपर्यंत

पती-पत्नींनी मिळून बाहेर जेवणे हा महाराष्ट्रातील जुना रिवाज नव्हे. मुंबईत बाहेरचे जेवण सुरू झाले ते एकट्या पुरुषांसाठी. गावी कुटुंब ठेवून गिरण्यांत कामाला आलेले कामगार खानावळीत जेवत. या खानावळी बहुतांशी स्त्रिया चालवत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या माध्यमातून या खानावळवाल्या बायांना संघटित केले व त्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. इतरांना रोज दोन वेळा जेवू घालणाऱ्या या स्त्रियांनी स्वतः कधी बाहेर जेवायला जाण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

मध्यमवर्गासाठी उपाहारगृहे निघाली तीही आरंभी जातीच्या आणि सोवळ्याच्या चौकटीत. दादर येथे १९१० मध्ये सुरू झालेल्या मामा काणे यांच्या उपाहारगृहाच्या मूळ नावातच ‘दक्षिणी ब्राह्मणाचे’ आणि ‘स्वच्छ’ हे शब्द होते. माटुंग्यात १९४२ मध्ये रामा नायक यांनी सुरू केलेल्या श्रीकृष्ण बोर्डिंगने केळीच्या पानावरील दाक्षिणात्य जेवण नोकरदारांना उपलब्ध करून दिले. या ठिकाणी पोटभर, स्वच्छ आणि स्वस्त जेवण मिळे. परंतु बसून गप्पा मारण्याची ती जागा नव्हती.

स्त्रियांना आणि जोडप्यांना प्रथम स्वतंत्र जागा मिळाली ती इराणी हॉटेलांतील ‘फॅमिली रूम’मध्ये. लाकडी आडोसा, झुलते दार किंवा पडदा आणि आत चार खुर्च्या, असा हा कक्ष असे. आज तो गमतीचा वाटतो; परंतु बाहेरच्या नजरांपासून आडोसा मिळाल्याखेरीज स्त्रीने हॉटेलात बसू नये, असे समाजाला वाटत होते, याची ती खूण होती. पुढे पडद्याची जागा ‘एसी’ दालनाने घेतली. तळमजल्यावर साधे हॉटेल, वर माळ्यावर वातानुकूलित ‘फॅमिली सेक्शन’ आणि पदार्थ तेच असूनही वरचे दर जास्त, ही रचना मुंबईपासून कर्जतपर्यंत सर्वांच्या परिचयाची आहे. आजच्या महागड्या रेस्तराँमध्ये आडोशाचे काम टेबलांमधील अंतर, उंच पाठीची आसने आणि मंद दिवे करतात. ग्राहक जे दर मोजतो त्यातील मोठा हिस्सा या जागेचा, गारव्याचा आणि निवांतपणाचा असतो. ताटातील जिन्नस हा त्याचा एक भाग.

मेनूकार्ड वाचताना

मेनूकार्डाची मांडणी आता सर्वत्र सारखी झाली आहे: सूप, स्टार्टर, मुख्य जेवण, रोटी-भात आणि गोड. त्यातील पदार्थांचा इतिहास मात्र फारसा जुना नाही. तंदुरी कोंबडी आणि बटर चिकन लोकप्रिय झाले ते फाळणीनंतर पेशावरहून दिल्लीत आलेल्या पंजाबी व्यावसायिकांमुळे. दर्यागंजमधील ‘मोती महल’ १९४७ चे. ‘मंचुरियन’ या पदार्थाचा चीनमधील मांचुरियाशी संबंध नाही. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी मुंबईतील क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये १९७५ च्या सुमारास तो प्रथम केला, असे मानले जाते.

दोघांसाठी मागवताना काही साध्या गोष्टी ध्यानात घ्याव्यात. बहुतेक रेस्तराँमध्ये भाजी, रस्सा किंवा डाळ यांचा एक बाउल दोघांना पुरतो. सूप ‘वन बाय टू’ मागवणे हा मुंबईच्या परिसरातील प्रतिष्ठित रिवाज आहे. उंची हॉटेलातही तो खळखळ न करता पाळला जातो. स्टार्टर दोन मागवल्यास मुख्य जेवण निम्मे उरते, हा सार्वत्रिक अनुभव. उरलेले अन्न बांधून मागण्यात कसलाही कमीपणा नाही. ‘आजचा खास पदार्थ’ किंवा वजनावर विकली जाणारी मासळी यांचे दर कार्डावर नसतात. ते मागवण्यापूर्वी विचारून घ्यावेत.

पाण्याचा प्रश्न पहिल्याच मिनिटाला येतो. ‘साधे की बाटलीचे’ असे विचारले गेल्यास साधे पाणी निःसंकोच मागावे. बाटली घेतल्यास ती छापील किमतीपेक्षा अधिक दराने लावली जाऊ शकते आणि ते बेकायदा नाही. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हॉटेलात बाटलीबंद पाणी देणे ही साधी विक्री नसून सेवेसह केलेला पुरवठा आहे. त्यामुळे छापील किमतीचे बंधन तेथे लागू होत नाही. दुकान आणि हॉटेल यांतील हा फरक अनेक ग्राहकांना ठाऊक नसतो.

कराचे रकाने

वस्तू व सेवा कर अर्थात जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला. आरंभी वातानुकूलित रेस्तराँना १८ टक्के आणि साध्यांना १२ टक्के असा भेद होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून तो रद्द होऊन दोहोंसाठी ५ टक्के दर ठरला. बिलावर तो केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच टक्के असा दोन रकान्यांत दिसतो. मोठ्या निवासी हॉटेलांचा अपवाद आहे: जेथे खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांहून अधिक असते, तेथील रेस्तराँला साधारणपणे १८ टक्के दर लागतो. उपनगरातील स्वतंत्र रेस्तराँ वातानुकूलित असले, तरी त्याचा दर ५ टक्केच.

जीएसटी लावणाऱ्या बिलावर १५ अक्षरी-अंकी नोंदणी क्रमांक असणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील व्यवसायाचा क्रमांक २७ ने सुरू होतो. ज्या लहान व्यावसायिकांनी ‘कंपोझिशन’ योजना स्वीकारली आहे, त्यांना ग्राहकाकडून वेगळा कर वसूल करता येत नाही. म्हणजेच नोंदणी क्रमांक नसताना किंवा कंपोझिशनचा उल्लेख असताना जीएसटी लावलेला आढळल्यास खुलासा मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखालील परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक बिलावर छापणे १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. जेवणातून बाधा झाल्यास तक्रारीसाठी हा क्रमांकच सर्वांत उपयोगी पडतो. त्यामुळे बिल तेथेच टाकून न देता घरी आणणे शहाणपणाचे.

मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे. परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरील राज्याचा मूल्यवर्धित कर १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के करण्यात आला. त्यामुळे जेवण आणि मद्य यांची बेरीज वेगवेगळी व्हायला हवी. दोन्हींच्या एकत्रित रकमेवर जीएसटी लावलेला असल्यास ती चूक होय.

सेवाशुल्क म्हणजे कर नव्हे

सर्वाधिक गोंधळ आहे तो ‘सर्व्हिस चार्ज’ या रकान्याचा. जीएसटीपूर्वी ‘सर्व्हिस टॅक्स’ म्हणजे सेवाकर होता. तो सरकारकडे जमा होई. सेवाशुल्क मात्र हॉटेलमालकाच्या खात्यात जाते. नावातील साधर्म्यामुळे अनेक ग्राहक वर्षानुवर्षे ते सरकारी देणे समजून भरत आले.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने एप्रिल २०१७ मध्ये हे शुल्क ऐच्छिक असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. बिलात सेवाशुल्क आपोआप समाविष्ट करू नये, अन्य नावाने ते वसूल करू नये, ते न देणाऱ्यास प्रवेश वा सेवा नाकारू नये आणि ते जेवणाच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटी लावू नये, असा त्यांचा आशय. हॉटेलचालकांच्या संघटना त्याविरोधात न्यायालयात गेल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात या तत्त्वांना स्थगिती दिली. अखेर २८ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या एकल पीठाने तत्त्वे वैध ठरवली आणि सेवाशुल्काची सक्ती ग्राहकाच्या हक्कांविरुद्ध असल्याचे म्हटले. स्वेच्छेने टिप देण्यास मात्र कोणताही प्रतिबंध केला नाही. संघटनांनी या निकालाला खंडपीठापुढे आव्हान दिले.

उदाहरणादाखल दोघांच्या जेवणाची मूळ रक्कम २,००० रुपये धरू. त्यावर १० टक्के सेवाशुल्काचे २०० रुपये मिळवले आणि २,२०० रुपयांवर ५ टक्के जीएसटी लावला, तर एकूण २,३१० रुपये होतात. सेवाशुल्क वगळल्यास कर १०० रुपये आणि एकूण २,१०० रुपये. फरक २१० रुपयांचा. त्यातील १० रुपये हे ऐच्छिक रकमेवर लागलेल्या कराचे. वर्षातून चार-सहा वेळा बाहेर जेवणाऱ्या जोडप्यासाठी या फरकात आणखी एका साध्या जेवणाची सोय होऊ शकते.

हॉटेलचालकांची बाजूही विचारात घ्यावी लागेल. सेवाशुल्कातील रक्कम वाढपी, स्वयंपाकी, भांडी घासणारे अशा सर्वांत वाटली जाते. टिप मात्र केवळ टेबलावर येणाऱ्याला मिळते, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो निराधार नाही. परंतु आपण दिलेल्या रकमेची वाटणी कशी झाली, हे पाहण्याचे साधन ग्राहकापाशी नसते. कर्मचाऱ्यांना अधिक वेतन द्यायचे, तर पदार्थांचे दर वाढवण्यास मालकाला मोकळीक आहेच. वाढलेला दर मेनूकार्डावर आधी दिसतो, शुल्क मात्र जेवण झाल्यावर दिसते, हाच या वादाचा गाभा आहे.

टिप द्यावी किती?

याबाबत जगभर एक नियम नाही. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कर्मचाऱ्याचे संघराज्यीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलर एवढेच आहे. त्यामुळे तेथे टिप हाच वाढप्याचा मुख्य पगार ठरतो. फ्रान्समध्ये सेवेचा आकार पदार्थाच्या दरातच धरलेला असतो. जपानमध्ये टिप देण्याची रीतच नाही. आपल्याकडे पाच ते दहा टक्के देण्याचा प्रघात आहे. परंतु तो प्रघातच, नियम नव्हे.

बिलात सेवाशुल्क असेल आणि ते द्यावयाचे ठरवले असेल, तर वेगळी टिप देण्याची गरज नाही. ते वगळायला लावले असेल आणि वाढप मनासारखी झाली असेल, तर टिप जरूर द्यावी. शक्यतो रोखीने, त्या कर्मचाऱ्याच्या हाती द्यावी. उशिरापर्यंत थांबणाऱ्या या मुलांपैकी बहुतेक घर सोडून आलेली असतात. सक्तीला नकार देणे आणि कष्टाची कदर करणे या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर होऊ शकतात.

पेला आणि परतीची वाट

महाराष्ट्रात सौम्य बिअर व वाइनसाठी वयाची अट २१ वर्षे, तर अन्य मद्यासाठी २५ वर्षे आहे. मद्यपानासाठी परवानाही लागतो. वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. घर जवळ असले, तरी दुचाकीवरून परतण्याचा मोह टाळावा आणि रिक्षा करावी.

आणखी एक बाब जिवाशी निगडित आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईतील कमला मिल आवारातील रेस्तराँमध्ये लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. गच्चीवरच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या रेस्तराँमध्ये बसताना बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कोठे आहे आणि तो मोकळा आहे का, हे पाहून ठेवावे. सजावटीने झाकलेले किंवा खुर्च्या रचून अडवलेले दार आढळल्यास व्यवस्थापकाला सांगावे. त्यास एक मिनिटही लागत नाही.

तक्रार कशी करावी?

* सेवाशुल्क काढून नवे बिल देण्याची विनंती प्रथम व्यवस्थापकाकडे करावी. आवाज चढवण्याची गरज पडत नाही. ‘हे ऐच्छिक आहे ना, मग कृपया वगळा’ एवढे वाक्य पुष्कळदा पुरते.
* नकार मिळाल्यास रक्कम भरून बिल जपून ठेवावे व त्याचे छायाचित्र काढावे.
* राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.
* त्यानेही भागले नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर ठाणे जिल्ह्यात येतात. ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांत अर्जशुल्क लागत नाही आणि वकील नेमणे बंधनकारक नाही.
* अन्नाच्या दर्जाविषयीची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करावी.

महागडे जेवण ही उधळपट्टी की गरज, हे ज्याच्या त्याच्या मिळकतीवर आणि आवडीवर अवलंबून. आठवडाभर लोकलच्या गर्दीत गेलेल्या दोघांनी एक संध्याकाळ स्वयंपाक आणि भांड्यांपासून सुटी घेतली, तर त्यात वावगे काही नाही. त्या संध्याकाळीचे दर मेनूकार्डावर वाचून, पटल्यावरच मोजावेत. बिल आल्यावर ते दोघांनी मिळून वाचावे. घरातील वाण्याची यादी तपासण्यात ज्यांना लाज वाटत नाही, त्यांनी हॉटेलचे बिल तपासण्यात ती का बाळगावी?